साथीत रुग्ण लपतो, तो कोणाला भिऊन?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की पालिकेची पत्रके निघू लागतात : ‘नागरिकांनी घाबरून जाऊ नये.’ साथ मोठी असली की हेच वाक्य पहिल्या पानावर येते. या वाक्याने कोणाची भीती गेल्याचे ऐकिवात नाही. उलट, ‘घाबरू नका म्हणताहेत म्हणजे काहीतरी नक्की आहे’ असाच अर्थ घेतला जातो, आणि त्यात लोकांचे फारसे चुकत नाही. आम्हा साथरोगाचे काम करणाऱ्यांना प्रश्न पडतो तो निराळा. लोक घाबरतात ते रोगाला, की रोग झाल्याचे उघड झाल्यावर जे होईल त्याला? पहिली भीती उपयोगी असते. तिच्यापायी माणूस पाणी उकळतो, लस घेतो, वेळेवर दवाखाना गाठतो. दुसरी भीती रुग्णाला लपवते, आणि लपलेल्या रुग्णाच्या मागून साथ वाढते.

पुण्यातला १८९७चा प्लेग आपल्याला शाळेच्या पुस्तकातून ठाऊक असतो तो रँड आणि चापेकर बंधूंपुरता. त्यातली रोगाची बाजू क्वचितच सांगितली जाते. मार्च ते मे या काळात गोऱ्या शिपायांच्या तुकड्या घरोघर शिरून रुग्ण शोधत, रुग्णाला इस्पितळात आणि घरच्यांना विलगीकरणाच्या छावणीत नेत, सामानसुमान जाळत. तपासणीच्या नावाखाली झालेल्या विटंबनेने शहर पेटले आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. रुग्ण सापडला की घर उद्ध्वस्त होते हे एकदा कळल्यावर लोकांनी आजारी माणसे लपवली, मृत्यूच्या नोंदी टाळल्या आणि जमेल त्यांनी शहर सोडले. त्यांच्या गाठोड्यांबरोबर पिसवाही गेल्या.

प्लेग उंदरावरच्या पिसवांमधून पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत दाखवले. म्हणजे झडत्या घेणाऱ्यांनाही खरा वाहक माहीत नव्हता. तरी माणसांना घराबाहेर काढण्याचा उपाय, चुकून का होईना, बरोबर होता, कारण माणसे हलली की उंदीर मागे राहतात. पुढच्या वर्षांत खेड्यापाड्यांनी हाच उपाय आपणहून उचलला. घरात उंदीर पडू लागले की लोक माळावर झोपड्या टाकून राहायला जात आणि साथ ओसरल्यावर परतत. उपाय एकच होता. शिपाई दारात उभे राहिले तेव्हा त्याच्यामुळे रुग्ण लपले, लोकांनी स्वतः केला तेव्हा जीव वाचले. झडत्या सुरू झाल्या त्याच मार्च महिन्यात सावित्रीबाई फुले हडपसरजवळ आपले दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात प्लेगचे रुग्ण नेत होत्या, आणि १० मार्चला त्याच रोगाने गेल्या. त्या दवाखान्यात रुग्ण न्यायला शिपाई लागत नव्हते.

पश्चिम आफ्रिकेत २०१४ ते २०१६ या काळात इबोलाचे २८ हजारांवर रुग्ण झाले, ११ हजारांवर माणसे गेली. इबोलाने दगावलेल्याचे शरीर फार संसर्गजन्य असते, आणि तिथे शव आंघोळ घालून पुरण्याची रीत. सुरुवातीला पांढऱ्या पोशाखातली पथके मृतदेह पिशवीत घालून घेऊन जात. कबर कुठे आहे, हे पुष्कळदा घरच्यांना कळतही नसे. मग लोक मृतदेह लपवू लागले, रात्री गुपचूप पुरू लागले. पुढे नियम बदलले : घरच्यांनी ठराविक अंतरावरून पाहायचे, धर्मगुरूने प्रार्थना म्हणायची, कबरीवर नाव लावायचे. खात्रीचे औषध तोवर हाती आलेले नव्हते. तरी कुटुंबे पथकांना स्वतः बोलावू लागली.

पुण्याकडे परत येऊ. ३ ऑगस्ट २००९ रोजी देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू इथे नोंदला गेला आणि नायडू रुग्णालयापुढे रांगा लागल्या. साधी सर्दी असलेले, काहीच झालेले नसलेले आणि खरोखर फ्लू झालेले एकाच रांगेत तासन् तास उभे होते. फ्लू नसेल त्याला तो घेऊन घरी जाण्याची याहून चांगली सोय झाली नसती! त्याच महिन्यात केंद्र सरकारने रुग्णांची अ, ब, क अशी विभागणी सांगितली. सौम्य ताप-खोकला : घरी थांबा, चाचणीची गरज नाही. खूप ताप, किंवा गर्भवती, वृद्ध, लहान मूल, मधुमेह-दम्याचा रुग्ण : चाचणीची वाट न पाहता ऑसेल्टामिविर. धाप, छातीत दुखणे, ओठ-नखे निळी, रक्त पडणे : तडक भरती, आणि चाचणी यांचीच. हे औषध प्रौढाला ७५ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, पाच दिवस असे देतात आणि ते लक्षणे सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू झाले तर सर्वाधिक उपयोगी पडते. ज्यांना गोळी लागणार होती त्यांचे हेच तास रांगेत जात होते. ही तीन ओळींची विभागणी पहिल्या मृत्यूच्या बातमीशेजारी छापता आली असती, तर निम्मी रांग आपोआप घरी गेली असती.

करोनाच्या वेळी पत्रे आले. राज्यातले पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात सापडले. पुढच्या काही महिन्यांत रुग्ण निघाला की गल्लीच्या तोंडाला पत्रे ठोकायचे, दारावर कागद चिकटवायचा, घरातल्या सगळ्यांना उचलून केंद्रात न्यायचे, हे नित्याचे झाले. ज्याचे पोट रोजच्या कमाईवर आहे, त्याने ताप अंगावर काढला आणि चाचणी टाळली, यात नवल ते काय? अशी माणसे दवाखान्यात आली ती धाप लागल्यावर. ऑक्सिमीटर घरोघर आले तेव्हा यातले काही प्रमाणात सुधारले, कारण घरात बसून, कोणाला न सांगता, आपली तब्येत कुठवर गेली आहे हे कळू लागले. त्याचीही रीत असते. बोट गार नको, नखावर मेंदी-पॉलिश नको, आकडा स्थिर व्हायला पूर्ण मिनिट द्यायचे, आणि बसून ९५ दिसले तरी सहा मिनिटे घरात चालून पुन्हा मोजायचे. तीनपेक्षा जास्त अंकांनी उतरले किंवा ९४च्या खाली गेले तर डॉक्टरांना कळवायचे. बसल्याजागी चांगला आकडा पाहून निर्धास्त झालेल्यांची तब्येत पुढे झपाट्याने ढासळली.

एप्रिल २०२१ मध्ये नातेवाईक रेमडेसिविरच्या कुप्यांसाठी रात्र रात्र फिरत होते. या औषधाने मृत्यू टळत असल्याचा ठोस पुरावा नाही, असे म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने त्याच्या वापराविरुद्ध सल्ला दिला तो नोव्हेंबर २०२०चा. म्हणजे पाच महिने आधीचा. ज्या औषधाने ऑक्सिजनवरच्या रुग्णांचे मृत्यू खरोखर कमी झाले ते डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. ते काही रुपयांत मिळते, म्हणून त्यासाठी कोणी धावपळ केली नाही. आणि ते स्वस्त, हाताशी म्हणून ऑक्सिजन न लागणाऱ्यांना पहिल्या-दुसऱ्या दिवशीच दिले गेले, तिथे त्याने घात केला : प्रतिकारशक्ती दबली, साखर चढली, काळ्या बुरशीला वाट मिळाली. भीतीच्या बाजारात औषधाची किंमत त्याच्या टंचाईवर ठरते. त्याचा उपयोग किती, हे कोणी विचारत नाही.

आता जीबीएस, अर्थात गियाँ-बारे सिंड्रोम : प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटून हातपाय लुळे पडण्याचा आजार. यावर सविस्तर लिहितो, कारण ही अलीकडची साथ आहे आणि तिच्यापासून शिकण्यासारखे सर्वांत जास्त असूनही ती सर्वांत लवकर विसरली गेली.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव, नांदोशी, धायरी या पट्ट्यात रुग्ण वाढले. राष्ट्रीय विषाणू संस्थेला काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू, काहींत नोरोव्हायरस सापडला. शहरात भीती पसरली ती भलतीकडेच : चिकन बंद, पनीर बंद, हॉटेले बंद, आणि ज्याच्या घरी रुग्ण त्याच्या दारावरून जाणे बंद. जीबीएस हा माणसाकडून माणसाला होणारा आजार नाही. कॅम्पिलोबॅक्टरच्या बाहेरच्या आवरणातला काही भाग आपल्या नसांवरच्या द्रव्यासारखा असतो, त्यामुळे जिवाणूसाठी तयार झालेली प्रतिपिंडे नसांवरच उलटतात. असे साधारण हजार संसर्गांत एखाद्यालाच होते, तेही जुलाब लागून गेल्यानंतर एक ते तीन आठवड्यांनी.

हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. एका गावात जीबीएसचे दहा रुग्ण दिसले, तर त्यांच्यामागे दोन-तीन आठवड्यांपूर्वी जुलाबाचे हजारो रुग्ण होऊन गेलेले असू शकतात. ते गेले कुठे? कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात. गोळी घेतली, दोन दिवसांत बरे झाले, कुठे नोंद नाही. साथीची खरी घंटा जुलाबाची होती आणि ती कोणी ऐकली नाही. एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमात यासाठी ‘पी फॉर्म’ आहे, खासगी डॉक्टरांनीही त्यात संशयित रुग्ण कळवायचे असतात. किती दवाखान्यांतून तो नियमित जातो, हे डॉक्टरमंडळींनी एकमेकांना विचारून पाहावे. पंधरा वर्षांखालील मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला तर मात्र पोलिओ-सर्वेक्षणामुळे तातडीने कळवावे लागते आणि १४ दिवसांच्या आत, किमान २४ तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने घेतले जातात. सोळाव्या वर्षी लुळा पडलेला पाय मात्र या जाळ्याबाहेर राहतो.

लक्षणे ओळखणे अवघड नाही. दोन्ही पायांत सारखी येणारी आणि वर चढत जाणारी कमजोरी, बोटांत मुंग्या, जमिनीवरून उठता न येणे, जिना चढताना गुडघे लटपटणे. एका श्वासात मोठ्याने आकडे मोजायला सांगावे. वीसपर्यंतही पोहोचता येत नसेल, गिळताना ठसका लागत असेल किंवा आवाज बदलला असेल, तर सकाळची वाट पाहू नये, कारण श्वासाचे स्नायू त्या रात्रीतही थकू शकतात. स्टेरॉइडचा यात उपयोग नाही. उपचार दोन आहेत. इम्युनोग्लोब्युलिन : वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला ०.४ ग्रॅम, पाच दिवस, म्हणजे ६० किलोच्या माणसाला एकूण १२० ग्रॅम, ५ ग्रॅमच्या २४ कुप्या. दुसरा उपचार प्लाझ्मा बदलण्याचा, साधारण चार ते सहा वेळा. दोन्हींचा गुण सारखाच येतो. पण ‘इंजेक्शन’ हा शब्द एकदा कानावर पडला की रेमडेसिविरचेच वेड पुन्हा : कुप्यांचा शोध, दागिने गहाण. प्लाझ्माची सोय असलेल्या रुग्णालयात गेल्यास खर्च कमी होऊ शकतो, हे नातेवाइकांना पहिल्या तासात सांगणारे कोणीतरी हवे. कमला नेहरू आणि वायसीएम रुग्णालयांत मोफत उपचारांची घोषणा झाली ती चांगलीच गोष्ट होती. अशा घोषणेने रुग्ण लवकर येतात. ती पहिल्या आठवड्यात आली तर जास्त येतात.

आता पाण्याचे. किरकटवाडी, नांदेड, नांदोशी ही गावे २०२१ मध्ये महापालिकेत आली, नळ आणि विहिरी मात्र गावाच्याच राहिल्या. साथीत पालिकेने खासगी आरओ केंद्रे बंद केली तेव्हा लोक चिडले, ‘आरओचे पाणी तर शुद्ध!’ म्हणून. यंत्रातून निघताना ते असेलही. पण त्यात क्लोरिन उरत नाही, यंत्रातला कोळसाच तो काढून घेतो. मग तोटी, जार, जार विसळणाराचा हात, टेम्पो, आपल्या घरचा पेला, यांपैकी कुठेही जंतू शिरला तर त्याला अडवणारे काही शिल्लक नसते. नळाच्या पाण्याला क्लोरिनचा वास येतो म्हणून नाके मुरडली जातात. साथीत तो वास येत नसेल तर काळजी करावी.

सोसायट्यांनी काय करावे? टाकी रिकामी करून घासून घ्यावी. मग भरून, दहा हजार लिटरला ३३ टक्के क्लोरिनची दीड किलो ब्लिचिंग पावडर (म्हणजे लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरिन) टाकून २४ तास ठेवावे. हे पाणी प्यायचे नाही, वापरायचेही नाही, ते सोडून द्यायचे आणि टाकी पुन्हा भरायची. रोजच्या पाण्याला हजार लिटरमागे अडीच ते पाच ग्रॅम पावडर पुरते. कोरडी पावडर थेट टाकीत फेकू नये. बादलीत थोड्या पाण्यात पेस्ट करावी, बादली पाऊण भरून ढवळावी, दहा-पंधरा मिनिटांनी चुना तळाशी बसला की वरची निवळी तेवढी टाकीत ओतावी. अर्ध्या तासाने नळाशी तपासावे : शिल्लक क्लोरिन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम, साथीत ०.५. ओटी (ऑर्थोटोलिडिन) चाचणीत थेंब टाकल्यावर पिवळा रंग लगेच, दहा सेकंदांत वाचायचा. पाच मिनिटांनी पाहिलेला गडद पिवळा फसवा असतो, त्यात निष्प्रभ झालेला क्लोरिनही मिसळून दिसतो. रंग येतच नसेल तर बहुधा पावडर जुनी असते. तोंड उघडे राहिलेल्या पोत्यातला क्लोरिन पावसाळ्याच्या दमटपणात झपाट्याने उडतो. पालखीच्या आधी मार्गावरच्या विहिरी आणि टँकरना टीसीएल, म्हणजे हीच ब्लिचिंग पावडर, टाकणारे ग्रामपंचायतीचे कर्मचारी हे सगळे करतात. शहरातल्या सोसायट्यांना ते का जमू नये, कळत नाही.

आणखी एक. ठराविक तासच पाणी येणाऱ्या भागात पाणी गेल्यावर जलवाहिनीत दाब उरत नाही, आणि शेजारून ड्रेनेज जात असेल तर गळक्या सांध्यातून मैला आत ओढला जातो. थेट वाहिनीला पंप लावणारे ही ओढ आणखी वाढवतात. म्हणून पाणी आल्यावरची पहिली काही मिनिटे ते पिण्यासाठी भरू नये. घरी उकळताना खळखळून उकळी येऊन एक मिनिट झाले की पुरे, वीस मिनिटे गॅस जाळण्याची गरज नाही. उकळलेले पाणी त्याच भांड्यात झाकून गार करावे आणि दांड्याच्या पळीने घ्यावे. ते न उकळलेल्या पाण्याने धुतलेल्या माठात ओतले की केलेले सगळे वाया.

आता आपल्याकडे, म्हणजे वृत्तपत्रांकडे. रोजचा एकच आकडा भीती वाढवतो, कारण तो फक्त चढतो. संशयित आणि निश्चित वेगळे छापा. कालपासून किती वाढले याबरोबर किती बरे होऊन घरी गेले तेही छापा. शक्य असेल तिथे लक्षणे सुरू झाल्याच्या तारखेनुसार आलेख द्या, कारण नोंदीच्या तारखेनुसार पाहिले तर सोमवारी साथ ‘उसळते’ ती केवळ रविवारी कार्यालय बंद असल्याने. आजाराचे नाव कळल्यावर ‘गूढ आजार’ म्हणणे थांबवा. ‘विळखा’ आणि ‘थैमान’ यांना थोडी रजा द्यावी, ही नम्र विनंती. रुग्णाचे नाव, सोसायटी, गल्ली छापू नका. केरळने निपाहच्या साथीत नाव न सांगता रुग्ण कोणत्या वेळी कुठे होता याचे तक्ते जाहीर केले. ज्याला गरज असते त्याला तेवढे पुरते.

पावसाळ्यात खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या धरणांचा साठा आपण रोज चौकटीत छापता आणि पुणेकर तो चहाबरोबर वाचतात. त्याच चौकटीखाली आठवड्यातून एकदा प्रभागवार जुलाबाचे रुग्ण आणि नळाशी मोजलेला क्लोरिन देता येईल. पालिका हे नमुने घेतेच, आकडे मागावे लागतील एवढेच. प्रभागाचे नाव, नमुना घेतल्याची तारीख, क्लोरिन, जुलाबाचे रुग्ण असे चार रकाने पुरेत. क्लोरिन ०.२च्या खाली असेल तिथला आकडा ठळक छापावा.

आपले,
साथरोग नियंत्रणाच्या कामातील काही वाचक,
पुणे